शुगर लँडमध्ये पीर कुठला?

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझी पोर हॉस्पिटलात होती आणि ताप उतरेना. नागपूरहून आई फोनवर म्हणाली, "जवळच्या एखाद्या पिराला नवस बोल." सातासमुद्रापारच्या या शुगर लँड गावात पीर कुठून आणू? इथे नुसते हायवे! मेले सगळे पीर न् संत पुरलेत तिकडे जेरुसलेम, रोम, बगदादला. शेजारची कॅथलिक बाई म्हणाली, आमच्या चर्चच्या वेदीत एका संताचं हाड आहे. मला तेवढंही चालणार होतं. वेदीपुढे डोकं टेकून मराठीतच म्हणाले, "पोर घरी येऊ दे, हिरवी चादर चढवीन."

तिच्या उशाशी बसून मी चादरीला जरीची किनार लावली.

नवस फेडतात तो इच्छा पुरी झाल्यावर. चादर अजून माझ्या कपाटात आहे.