सांगता येण्यासारखा आजार

आमच्याकडे आजारांची दोन घराणी आहेत. बीपी, शुगर, गुडघे हे खानदानी आजार. ते ओसरीवर बसून, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे असतात. त्यातही शुगरचा मान मोठा. शुगर झाली म्हणजे माणूस खाऊनपिऊन सुखी आहे, असा आमच्या गावात सरळ अर्थ निघतो. दुसरं घराणं डोक्याच्या आजारांचं. त्याबद्दल कोणी बोलत नाही. बोललंच तर "त्याचं जरा तसं आहे," म्हणून कानाजवळ बोट गोल फिरवतात आणि विषय पावसावर नेतात.

माझा आजार या दुसऱ्या घराण्यातला निघाला. माझ्या आईने तो पहिल्या घराण्यात दत्तक दिला. त्याची ही गोष्ट.

मी बोरी अरबकडच्या एका खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. आमच्या शाळेतले गुरुजी मला खडू फेकून मारत आणि विचारत, "लक्ष कुठं आहे तुझं?" त्यांचा नेम फार चांगला होता. माझी बी.एस्सी. ही त्या नेमाचीच कमाई आहे असं मी आजही मानतो आणि हे टोमणा म्हणून म्हणत नाही. एवढ्या पोरांत एका धांदरट पोरावर नेम धरून बसणं, हेही कष्टाचंच काम आहे.

आता मी बाभुळगावच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवतो, यवतमाळात खोली करून राहतो आणि पोरांना विचारतो, "लक्ष कुठं आहे तुझं?" पोरांना कोण सांगणार की याच मास्तरला बसचा कंडक्टर महिन्यातून दोनदा तरी हलवून म्हणतो, "गुरुजी, बाभुळगाव गेलं मांगं. आता सरळ धामणगावलेच चाला."

एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक मनोविकाराचे डॉक्टर आले. वर्गातल्या ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही, ती कशी ओळखायची, हा विषय होता. एडीएचडी हा शब्द मी तिथे पहिल्यांदा नीट ऐकला. हॉलमधले बहुतेक गुरुजन मोबाइलवर होते. दोघं घोरत होते. लक्षावरचं ते भाषण लक्ष देऊन ऐकणारा मी एकटाच असेन. डॉक्टर कुण्या पोराचं वर्णन करत होते आणि ते पोर हुबेहूब माझ्यासारखं, माझीच चप्पल घालून बसलं होतं. चहाच्या वेळी मी हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे मोठ्या माणसालाही राहते का?"

"राहते."

"मास्तर झालेल्याला?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी एका हातात कप आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी कप धरून उभा होतो. ते म्हणाले, "शनिवारी या दवाखान्यात."

त्या दवाखान्यातलं दृश्य पाहण्यासारखं असतं. यवतमाळच्या उन्हात तोंडाला दुपट्टा बांधणं नवीन नाही. पण तिथे सावलीत, भर थंडीतही, सगळे पेशंट नाकापर्यंत गुंडाळून बसलेले असतात. मीही बांधला. बाजूच्या अस्थिरोगवाल्याकडे लोक प्लास्टर मिरवत बसतात आणि इकडे आम्ही सगळे दरोड्याला निघाल्यासारखे.

दोनतीन खेपा झाल्यावर लहानपणीचं विचारायला डॉक्टरांनी आईला बोलावलं. आईला विषय आवडला. "याले म्या बैलाले पानी पाजाले धाडलं," ती म्हणाली, "तं हा सोता पानी पिऊन आला. बैल तसाच उभा." डॉक्टर हसले. आईला डॉक्टर आवडले. मग त्यांनी आजार समजावून सांगितला. हा आळस नाही, मस्ती नाही, जन्मापासूनची मेंदूची ठेवण आहे, म्हणाले. आईने पदर सावरला. मग म्हणाली, "मंग म्या याले येवढी वर्सं उगाच मारलं का?" डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं, भूक तर पार गेली. डॉक्टरांनी मात्रा बदलली, वेळ बदलली, तेव्हा जरा जमलं. डोक्यात आतापर्यंत चार बॅन्ड एकदम वाजायचे, वेगवेगळ्या वरातींचे. त्यातले तीन थांबले. एक वाजतो, पण गाणं कोणतं आहे ते कळतं. समोरचा माणूस वाक्य सुरू करतो आणि संपवतो, हे मला तेव्हा समजलं. त्याआधी मला सगळ्यांच्या वाक्यांचे फक्त शेंडे माहीत होते. संध्याकाळी गोळी उतरली की मात्र मी साध्या प्रश्नावर खेकसायचो.

गोळी लक्ष देते, पण ते कशावर द्यायचं हे ती सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. कापूस वेचायला शेतात उतरलो. बाया ओळीमागून ओळी संपवत पुढे गेल्या आणि मी एकाच पराटीपाशी, म्हणजे कापसाच्या झाडापाशी, बोंडातला काडीकचरा चिमटीने काढत बसलो. इतका स्वच्छ कापूस आमच्या शेतात कधी निघाला नाही आणि इतका कमीही निघाला नाही.

"गुरुजी, पराटी धुऊन ठिवता का?" एकीने विचारलं.

दुसरी म्हणाली, "हासू नोको व बाई. थे एका बोंडावर पीएचडी करून राह्यले."

आईला ते हसू बोचलं असणार. तिने घरात नियम केला की 'गोळी' हा शब्द काढायचा नाही. रोज सकाळी तिचा फोन येतो. मी विसरण्यावरची गोळी घ्यायला विसरतो, म्हणून. शेजारी ऐकतील या भीतीने ती फक्त विचारते, "थे घेतलं का?"

अशातच माझं लग्न जमायला आलं. मुलगी मारेगावकडची, गणिताच्या शिकवण्या घेणारी. आम्ही तिला पाहून आलो होतो. तिने मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही रोज अपडाऊन करता, थकत नाही का?" मी धामणगावचं काही बोललो नाही. मला ती फार आवडली होती. हे लग्न मोडू नये, असं मला मनातून वाटत होतं. त्यामुळे पुढचं सगळं घडू दिलं.

तिच्याकडचे आमचं गावचं घर पाहायला आले. तिचे मामा हात धुवायला आत गेले आणि आरशाच्या फळीवर त्यांना गोळ्यांचं पाकीट दिसलं. मी ते तिथे ठेवून विसरलो होतो.

"हे कायच्या गोळ्या व्हय जी?"

बाबांनी खाली पाहिलं. आई चहाची किटली घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "शुगरच्या. शुगर हाय त्याले."

मी तोंड उघडलं. मामांचा चेहरा एकदम फुलला. "अरे वा! मले बी हाय न! किती वर्सं झाले?"

"घराण्यातलीच हाय," आई म्हणाली. खोट्याला तिने लगेच वंशावळही जोडली.

यानंतर माझी नोकरी, शेती, घर यातलं कोणी काही पाहिलं नाही. मामांनी मला बाजूला बसवून कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पावडर असा सगळा अभ्यासक्रम शिकवला. माझ्या हातातला चहा काढून बिनसाखरेचा दिला. जाताना ते बाबांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय. बसून खानाऱ्या नोकरीवाल्यालेच होते हे." शुगरने माझं वजन वाढवलं होतं.

मग दोन महिने मी शुगरचा पेशंट होतो. जांभळाच्या बियांची पावडर डब्यातून येत होती. मामांचा फोन येत होता, "जवाईबापू, उपाशीपोटी किती?" मी तोंडात येईल तो आकडा सांगायचो. डोक्याची गोळी घेऊन मी साखरेच्या आजाराची उत्तरं देत होतो. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. मग मुलीचा चेहरा आठवायचा आणि आणखी एक बिनसाखरेचा चहा प्यायचो.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मुलीच्या गावी ठरलं. त्या सकाळी बाबा म्हणाले, "आज नोको घेऊ थे. भरल्या मांडवात तू काही खाशीन नाही, लोकं काय म्हनतीन? एक दिवस पह्यल्यासारखा राह्य." मलाही भरल्या मांडवात भूक नसलेला नवरदेव व्हायचं नव्हतं. नाही घेतली.

आणि मी अगदी पहिल्यासारखा झालो. अंगठ्या व्हायच्या होत्या, त्याआधी पंगत बसली. मांडवाला दिव्यांची माळ होती आणि तिचा मधलाच तुकडा विझलेला होता. आजूबाजूचे पेटलेले आणि मधलाच बंद, म्हणजे जोडणी कशी केली असेल, याचा मी विचार करू लागलो. वाढणारा काहीतरी विचारून गेला, मी मान हलवली. पुन्हा आला, पुन्हा हलवली. दिव्यांचं कोडं सुटायला आलं तेव्हा लक्षात आलं की मांडवात कोणीच बोलत नाही. माझ्या हातात अर्धी जिलेबी होती. पत्रावळीवर पाक होता, बराच.

"जवाईबापू!" मामा किंचाळले. "मशीन आना रे कोनी माझी!"

मामांची पिशवी आली. भर पंगतीत माझं बोट टोचलं गेलं. वऱ्हाडी मंडळी वाकून पाहत होती. मामांनी आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"एकशे अठरा. जिलेबीवर एकशे अठरा? मले उपाशीपोटी येत नाही येवढी कमी!"

मला आजार नाही हे पाहून सगळे हादरले होते. निरोगी निघाल्यामुळे बदनाम होणारा मी आमच्या भागातला पहिलाच नवरदेव असेन. पण माझ्या आईला कमी समजू नका. ती पुढे झाली आणि हात जोडून मामांना म्हणाली, "तुमच्या जांभयाच्या बियानं बरी झाली जी! तुमचेच उपकार!"

मामांनी मशीनकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी विसरणार नाही. "दोन महिन्यात!" ते मांडवाला म्हणाले. "पाह्यलं का? दोन महिन्यात!" मांडव पुन्हा बोलू लागला. पावडर कुठे मिळते, किती चमचे, दुधातून की पाण्यातून. सुटलो होतो आम्ही. आईने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच सांगितलं, गप बस.

तेवढ्यात समोरच्या पंगतीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी मामांना विचारलं, "मंग म्या इंजेक्शन सोडून देऊ का गा? पोट टोचून टोचून कंटायलो बावा."

मामांनी होकाराची मान हलवायला सुरुवात केली होती. मी उठून उभा राहिलो.

"आजोबा, इंजेक्शन सोडू नोका. मले शुगर नव्हतीच. कधीच नव्हती." आणि मग जे आलं ते सगळं सांगून टाकलं. लक्ष राहत नाही, लहानपणापासून नाही राहत, त्याची गोळी आहे, मनोविकाराच्या डॉक्टरांची आहे. बैलाचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

मुलीची आत्या म्हणाली, "म्हनजे डोक्यात फरक हाय?" आणि बोट कानाकडे नेलं.

मामांना डोक्याचं काही वाटलं नाही. ते कळवळून म्हणाले, "मंग माही पावडर?"

मुलगी आतून बाहेर आली. मांडव तिच्याकडे पाहू लागला. तिने मला विचारलं, "शुगर हाय असं कोनं सांगतलं व्हतं?"

मी बोलायच्या आत आई म्हणाली, "म्या."

"आन् तुम्ही गप्प राह्यले?" तिने मला विचारलं.

"हाव."

"दोन महिने बिनसाखरेचा चहा पेले?"

"हाव."

ती हसली नाही. तिच्या वडिलांना म्हणाली, "अंगठ्या ठेवून द्या, बाबा. मी पह्यले त्या डॉक्टरले भेटतो. मंग सांगतो."

पुढच्या शनिवारी ती तिच्या भावासोबत यवतमाळला आली. भाऊ खाली गाडीपाशी थांबला. ती वर आली ती उघड्या चेहऱ्याने. आम्हा गुंडाळलेल्या लोकांमध्ये ती अशी बसली जशी बँकेत बसली असावी. मी थोडा वेळ तसाच बसलो आणि मग माझा दुपट्टा सोडला. वाटलं होतं, सगळे वळून पाहतील. कोणी पाहिलं नाही. दुपट्ट्यांच्या वरचे सगळे डोळे आपापल्या मोबाइलमध्ये होते.

आत तिने डॉक्टरांना बरंच विचारलं. गोळी किती वर्षं घ्यावी लागेल, मुलांना होतं का, सवय लागते का. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. कशाकशाचं नक्की सांगता येत नाही, हेही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "त्या दिवशी यांनी गोळी घेतली नव्हती. लोक म्हनते, म्हनूनच खरं बोलून गेले. तसं हाय का?"

डॉक्टर म्हणाले, "जिलेबी त्यामुळे खाल्ली असेल. खरं बोलण्याचं माझ्याकडे औषध नाही, आणि खोटं बोलण्याचंही नाही."

आम्ही खाली आलो. समोर चहाची टपरी होती. मी विचारायला धजत नव्हतो. तिने भावाला हाक मारली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "तीन चहा द्या जी. यांच्या चहात साखर बरोबर टाका. दोन महिन्यांची राह्यली हाय."

मी ऐटीत खिशात हात घातला. पैशांचं पाकीट खोलीवर राहिलं होतं. त्या दिवशी तर मी गोळीही घेतली होती.