सिंह कसा बसला आहे, हे मराठीत सांगणाऱ्या सुमनताई

सुमनताई तायडे यांची आणि माझी पहिली भेट अमरावतीत, एका समितीच्या बैठकीत झाली. ताई तिथून जवळच्याच वलगावच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका, मी अकोल्याची इतिहासाची प्राध्यापिका. जुन्या संस्थानांच्या राजचिन्हांवर सिंह, घोडे, हरणे असतात. प्राणी चालतो आहे, बसला आहे की मागे वळून पाहतो आहे, यासाठी इंग्रजीत एकेक नेमका शब्द आहे. मराठीतले शब्द आम्ही ठरवायचे होते.

ताईंनी मला वलगावच्या एका गोठ्यात नेले. तिथल्या शेतकऱ्याला त्यांनी विचारले, “दादा, बैल मान वर ठेवून बसला, त्याले काय म्हनता?”

“जागता बसला म्हनतो. मान टेकवली का निजला.”

ताईंनी वहीत दोन शब्द लिहिले, ‘जागता’ आणि ‘निजता’. शेजारी दोन सिंह काढले.

समिती सहा वर्षे चालली. अध्यक्षांना ‘उपविष्ट’, ‘शयित’ असे संस्कृत शब्दच हवे होते. शेवटच्या बैठकीच्या वेळी माझे यजमान आजारी होते. मला फक्त हे सारे संपायला हवे होते. मी अध्यक्षांच्या यादीवर सही केली. ताईंनी केली नाही.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “थकली होती तू. मले दिसत होतं.”

पुढच्याच आठवड्यात त्या अकोल्याला आल्या. आठ दिवस दवाखान्यात यजमानांच्या उशाशी बसल्या आणि मला घरी झोपायला पाठवत राहिल्या. यादीचा विषय त्यांनी काढला नाही. मलाही तो काढण्याचे धैर्य झाले नाही.

समितीची यादी छापली गेली आणि कपाटात पडली. ताई मात्र आपली वही पुरी करत राहिल्या. आता त्यांचा हात कापतो, म्हणून दर रविवारी मी अमरावतीची गाडी धरते. ताई पेन्सिलीने प्राणी काढतात, मी त्यावर शाई फिरवते. कंटाळा येतो, पाठ दुखते, दोघींचीही. मागच्या रविवारी मी अखेर त्या सहीबद्दल माफी मागितली.

ताईंनी चष्मा पुसला. “मंग आता हे हरीण नीट कर,” म्हणाल्या.

अजून चाळीस चित्रे बाकी आहेत. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ती चित्रे संपल्यावरही आमचे रविवार असेच जावेत, एवढेच माझे मागणे आहे.