पोगचं कॉबलर

हायरम पोगचं कुणाशी पटत नसे, आणि पटावं अशी त्याची इच्छाही नव्हती. वसंतात गुरं गोळा करून वासरांना मालकीचा डाग द्यायला माणसं बाहेर पडली की त्याची स्वयंपाकाची गाडी खेचरांच्या जोरावर पुढे जाऊन नदीकाठी तळ टाकायची. तळ पडला की पोगचं राज्य सुरू. राज्य कसलं, जुलूम! गाडीभोवती आणि आगीभोवती तो बुटाच्या टाचेने एक रेघ ओढायचा आणि त्या रेघेच्या आत आलेल्या माणसावर लाकडाचं ढलपं घेऊन धावून जायचा. वाऱ्याच्या बाजूने घोडा आणला तर धूळ भांड्यात पडते, तेवढ्यापुरती अशी रेघ सगळ्याच स्वयंपाकाच्या गाड्यांभोवती असते. पण पोगच्या रेघेत धुळीपेक्षा खुन्नस जास्त होती.

तरुणपणी तो स्वतः चांगला स्वार होता. एका तांबड्या घोडीने त्याला खाली घेऊन लोळण घेतली, कंबरेचं हाड मोडलं, आणि घोड्यावरून उतरलेला पोग चुलीला लागला. ती त्याला झालेली शिक्षा होती. भोगली मात्र इतरांनी. त्याची बायको आयडा एका हिवाळ्यात अमारिलो शहरात बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही, आणि त्याचं कुणालाही नवल वाटलं नाही.

एका गोष्टीसाठी मात्र लोक त्याचं सगळं सहन करत. ती म्हणजे त्याचं कॉबलर, पीचचा एक गोड पदार्थ. रात्रभर भिजवलेले सुके पीच, साखर, दालचिनी आणि वर सैलसर पिठाचं जाड पांघरूण. हे सगळं तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात घालायचं, जड झाकण लावायचं, खाली थोडे निखारे आणि झाकणावर भरपूर. मधेच झाकण उचलायचं नाही. उचललं की राख आत पडते आणि धग बाहेर जाते. मग झालं हे कळायचं कसं? वासावरून. आधी पीचचा आंबूस वास येतो, मग साखरेचा, मग भाजल्या पिठाचा, आणि त्यानंतर जळायला काही वेळ लागत नाही. पोग भांड्याकडे पाठ करून बटाटे सोलत बसलेला असायचा आणि मधेच उठून आकड्याने भांडं बाजूला ओढायचा. कधी चुकला नाही.

यंदाच्या हिवाळ्यात तो तापाने झोपला. उठला तेव्हा कॉफी त्याला गरम पाण्यासारखी लागली. बेकन तळलं तरी नाकाला काही नाही, केस जाळून नाकाशी धरले तरी काही नाही. त्याचं नाक मेलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? बिस्किटं आणि घेवडा तो डोळ्यांच्या अंदाजाने निभावून नेत होता, पण झाकणाखालचं कॉबलर डोळ्यांना दिसत नाही. "पीचला कीड लागलीय," असं खेकसून तो आठवड्यामागून आठवडे टाळत राहिला, आणि कुणी जवळ येऊन ओळखू नये म्हणून रेघ आणखी लांब ओढू लागला.

मुकादम क्लीट हार्गिस त्याला पाण्यात पाहायचा. हार्गिस साधा गडी असताना एकदा उशिरा जेवायला आला, तेव्हा पोगने त्याचं ताट सगळ्यांसमोर कुत्र्यापुढे ओतलं होतं. आता हार्गिसच्या मनात गाडीच बंद करायची होती. घरच्या स्वयंपाकघरातून पत्र्याच्या डब्यांत जेवण भरायचं आणि ट्रकने पाठवायचं, की पोग मोकळा. पोगला गाडीशिवाय जगात दुसरी जागा नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

"उद्या कॉबलर पाहिजे," हार्गिस म्हणाला. "साधं गोडधोडही होत नसेल, तर ही चार खेचरं मी कशाला पोसू?"

"तुला कॉबलर कळतं कधीपासून?" पोग म्हणाला. पण रात्री त्याने पीच भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता. पोगने भांडं गाडीच्या आडोशाला मांडलं. मेस्कीट या काटेरी झाडाच्या मुळांचे निखारे फार कडक, म्हणून नेहमीपेक्षा कमीच ठेवले. मग तो बेकन कापायला बसला. मधेच वारा फिरला आणि भांड्याच्या एका अंगाचे निखारे फुलले. त्याची पाठ तिकडे होती.

रेघेबाहेर माणसं जेवणाची वाट पाहत लोळली होती. सगळ्यात आधी ड्यूई स्पॅनने मान वर केली. घेवडा शिजला का असं नुसतं विचारल्याबद्दल आदल्याच आठवड्यात पोगने त्याच्या जबड्यावर डाव हाणला होता. मग दुसऱ्याने मान वर केली, मग तिसऱ्याने. सगळ्यांच्या नाकाला जळकट वास येत होता आणि सगळे मिठाची गुळणी धरून बसले होते. पोगने त्यांच्या वर झालेल्या माना पाहिल्या. सुटलं मेल्यांच्या तोंडाला पाणी, असं मनात म्हणून तो बऱ्याच दिवसांनी खूश झाला. हार्गिसही वास घेत होता. हाताच्या अंतरावर भांडं जळतंय आणि म्हातारा निवांत बेकन कापतोय, हे बघून त्याला सगळं उमगलं. तो गालात हसला.

वेळेचा अंदाज धरून पोगने झाकण उचललं आणि काळा धूर निघाला. आत अर्धं भांडं कोळसा. त्याने रेघेबाहेरचे चेहरे पाहिले आणि त्याला कळलं की यांना जळकट वास केव्हाच आला होता.

"वाढ," हार्गिस म्हणाला.

पोगने वाढलं. माणसं कडाकडा चावून खाऊ लागली. कारण गाडीवर आणखी एक नियम होता, पोगच्याही आधीचा. जेवणाला जो नावं ठेवील, त्याने पुढे स्वयंपाक करायचा. त्यातून मुकादमही सुटत नसे, म्हणून हार्गिसला जळल्याचं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

"काय ड्यूई, कसं झालंय? गेल्या आठवड्यात तर तुला बोलायची फार हौस होती."

ड्यूईने सावकाश चावलं. "पीच आहेत यात," तो म्हणाला.

सगळे फिदीफिदी हसले. मार चालला असता, पण ते हसणं पोगच्या जिव्हारी लागलं. त्याने डाव जमिनीवर आपटला.

"हसताय काय रे हरामखोरांनो? जळलंय ते! कोळसा झालाय! कुत्रं तोंड लावणार नाही त्याला! माझं नाक मेलंय हिवाळ्यापासून, मला काही येत नाही वास. तुम्हाला येत होता ना? गिधाडांसारखे बसून राहिलात, एकाच्याही तोंडातून शब्द फुटू नये?"

"बोलायची सोय ठेवली होतीस तू?" ड्यूई म्हणाला.

हार्गिस उठला. "ऐकलंत ना? वास न येणारा आचारी! उद्यापासून ट्रक."

"एक मिनिट, बॉस," ड्यूई म्हणाला. "जेवणाला नावं कुणी ठेवली?"

"पोगने," कुणीतरी म्हणालं.

"मग पुढे स्वयंपाक कुणी करायचा?"

हे काही कुणी पोगवरच्या मायेने केलं नाही. पोगवर माया करणारं तिथे कोणी नव्हतं. त्यांना डब्यातला गारढोण घेवडा नको होता, कुणालाच आचारी व्हायचं नव्हतं, आणि हार्गिसचं तोंड आंबट झालेलं बघायचं होतं. हार्गिस दातओठ खात उभा राहिला. तो नियम मोडला असता तर माणसांनी त्याचा दुसरा कुठलाही नियम पाळला नसता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग कर दुसरं, आत्ता, माझ्यासमोर. हे जळलं तर नियम गेला खड्ड्यात आणि तू पण."

पोगने भांडं खरवडून काढलं. उरलेले पीच घातले, पीठ पसरलं, झाकण लावलं, निखारे मांडले. हात नीट चालले. त्यापुढचं काम हातांचं नव्हतं.

"स्पॅन," तो म्हणाला. "इकडे ये."

"कुठे? आत?"

"बहिरा आहेस का? ये म्हटलं ना."

ड्यूई मुद्दाम रमतगमत आला आणि भांड्याशेजारी बसला. जबड्यावरचा वळ अजून हिरवानिळा होता. "काय करू?"

पोगने त्याच्याकडे पाहिलं नाही. "नाक दे. पीठ भाजल्याचा वास आला की सांग."

"कसा असतो तो?"

त्याच्यावर वसकन ओरडायला पोगने तोंड उघडलं. मग त्याने खरंच आठवून पाहिलं. आयुष्यभर घेतलेला तो वास कसा होता, हे त्याला आठवेना. त्याने डोळे मिटले, पुन्हा आठवून पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"कळेल तुला," तो शेवटी म्हणाला. "बस तू इथेच."