हीराशेठचा बंद डबा

धुळ्याच्या रुपचंदभाऊंचा फोन आला तेव्हा मी हीराशेठच्या दुकानात केळीबागेसाठी दोरी मोजून घेत होतो. शेठनी फोन कानाला लावला तेव्हा ते हसत होते. ठेवला तेव्हा त्यांचा रंग उतरला होता.

"काय झालं, शेठ?"

"योगराजभाऊ, माझे चाकू गेले समजा."

हीरालाल जळगावातले मारवाडी जैन. सुतळी, दोरखंड, ताडपत्री यांचं दुकान. माणूस इतका मऊ, की गिऱ्हाईक ओरडलं तर हेच त्याला पाणी विचारतात. आणि या माणसाला नाद कसला, तर घडीच्या जुन्या चाकूंचा! त्यांच्या वडिलांची कापसाची दलाली होती. रुईच्या गाठीचं किंतान खिशातल्या चाकूनं कापायचं, मूठभर कापूस ओढून बोटांत तपासायचा, हे त्यांचं काम. बाबूजी गेले, चाकू राहिला, आणि त्या एकाच्या सोबतीला शेठनी तीस वर्षं चाकू जमवले. कलमं बांधायचे, पेन्सिली तासायचे, रेल्वेच्या साहेबलोकांचे, शिंगाच्या मुठीचे, शिसवीचे. एक नियम मात्र कडक होता. कुणावर चालवलेला चाकू घरात येणार नाही. विकणाऱ्याला खोदून खोदून विचारत. रामपुरीला तर हातही लावला नाही. बाजारात लोक "चाकूवाले शेठ" म्हणून टर उडवायचे, मुलगा अनुज याच्या लग्नाच्या बोलणीत काचेचं कपाट बघून एक सोयरीक चहा न पिताच उठली, तरी शेठ आपले रविवारी एकेक पातं तेलाच्या फडक्यानं पुसत बसायचे.

यंदा आषाढात ते सगळं थांबलं. अनुजची मुलगी विधी, पाचवीतली, तिनं कपाटातला एक चाकू उघडायला घेतला. पातं अर्ध्यावरून फटकन मिटलं आणि पोरीचा अंगठा फाटला. टाके पडले. तारादेवी, म्हणजे हीराशेठची बायको, त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चातुर्मास बसत होता. जैन स्थानकात भरल्या प्रवचनात शेठ उठून उभे राहिले आणि महाराजसाहेबांपुढे हात जोडून त्यांनी नियम घेतला: कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चाकूला हात लावणार नाही, आणि दुसऱ्याकडून लाववणारही नाही.

तिथं जाण्याआधी त्यांनी काय केलं, तर सगळे चाकू पुसले, तेल लावलं, कागदात गुंडाळले, पावसाची ओल नको म्हणून पत्र्याच्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात एकत्र ठेवले आणि झाकणाला वरून चिकटपट्टी मारली. डबा कपाटात, कपाटाची किल्ली तारादेवींच्या कमरेला. आईनं तान्ह्याला गुंडाळावं तसे गुंडाळले होते त्यांनी ते चाकू. घात तिथंच झाला.

"त्या डब्यात एक नवीन आणलेला चाकू शे," शेठ मला समजावून सांगत होते. आमच्यात राहून त्यांची भाषा अशी खिचडी झाली आहे. "पिवळी मूठ. हस्तिदंतासारखी. रुपचंद पण माझ्यासारखाच चाकूवाला. तो म्हणतो, ते हस्तिदंत नाही, सेल्युलॉइड, पहिलंवहिलं प्लास्टिक. जुनं झालं की आपोआप सडतं. त्यातून तेजाबासारखा वायू सुटतो. उघड्यावर असता तर उडून गेला असता. बंद डब्यात शेजारचं बठ्ठं, सगळंच लोखंड खातो. बाबूजींचा चाकू त्याला लागूनच ठेवलाय मी."

"मंग उघडा ना डबा! एक चाकू काढून फेकला की झालं. कोन पाहू राह्यलं?"

"नियम आहे."

"मी काढतो. तुम्ही फक्त हो म्हना."

"हो म्हणालो की करवलं ना मी! करणार नाही, करवणार नाही, असं बोललोय मी भरल्या सभेत."

मला अशा वेळी संताप येतो. आमच्याकडे केळीवर रोग दिसला की त्याच दिवशी पान कापतात, मुहूर्त बघत नाहीत. कार्तिकी पौर्णिमा दोन महिन्यांहून लांब होती. मी दोरी उचलली आणि रागारागानं माझ्या गावी असोद्याला निघून आलो.

पण चैन पडेना. पुढल्या आठवड्यात गेलो तर शेठ दुकानात नव्हतेच, घरी होते. कपाटासमोरच्या खुर्चीत. जवळ गेलो तर मलाही वास आला. कापूर आणि आंबलेलं काहीतरी, दोन्ही मिसळून. माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. तीस वर्षं जमवलेलं डोळ्यांदेखत सडतंय आणि माणूस हातावर हात ठेवून बसलाय. मला वाटलं, गदागदा हलवावं यांना.

मी सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "भाभी, किल्ली द्या."

तारादेवींनी पोळी तव्यावर टाकली. "त्यांनी पाठवलं?"

"नाही."

"विधीची शपथ घ्या."

"घेतो. त्यांनी पाठवलं नाही. उलट कळलं तर मला घराबाहेर काढतील."

त्यांनी बराच वेळ माझं तोंड निरखलं. "योगराजभाऊ, तुम्ही त्यांचे दोस्त. तुमच्या हातानं उघडलं तरी लोक म्हणतील, शेठनीच सांगितलं. त्या चाकूंपायी माझ्या नातीचं रक्त सांडलं. आता त्यांचं वचन पण जाऊ देऊ?" आणि पोळी उलटली. मी तोंडात मारल्यासारखा परत फिरलो.

शेठना कळलंच. त्या माणसाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "माझ्या पाठीमागे माझा नियम मोडायला निघालात? पुन्हा हे केलं तर आपली दोस्ती संपली." बाबूजींचा चाकू गेला तर हे पुन्हा उभे राहणार नाहीत, हे मला कळत होतं. नियम गेला तरीही नाहीत, हेही कळत होतं. यातून वाट कुठली काढायची?

वाट काढली ती तारादेवींनी, आणि कुणाला न विचारता.

रविवारची दुपार होती. अनुज, सूनबाई आणि विधी पहूरला लग्नाला गेले होते. मी शेठची समजूत काढायला आलो होतो आणि आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आतून किल्ली फिरल्याचा आवाज आला. मग चिकटपट्टी फाडल्याचा.

शेठ ताडकन उठले. मी त्यांचा हात धरला. "बसा. तुम्ही सांगितलं नाही. मी पन नाही सांगितलं. त्यांनी कुठं नियम घेतलाय?"

ते बसले, पण खुर्चीच्या काठावर. झाकण निघालं आणि तो आंबट वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. आत तारादेवी खोकल्या. कागद सुटले. मग पहिला आवाज आला. टक्, आणि जरा थांबून दुसरा टक्. पातं अर्ध्यावर एकदा थांबतं, पूर्ण उघडल्यावर पुन्हा.

"कलमाचा," शेठ पुटपुटले. "ठीक आहे तो."

मिटला. पुढचा उघडला. "शिंगाच्या मुठीचा." डोळे मिटून ते ऐकत होते आणि ओठ हलत होते. ज्या बाईनं तीस वर्षं या चाकूंना शिव्या घातल्या, ती आता एकेक उघडून पुसत होती. तिला धड धरता तरी येत होता का? एक पातं उघडताना ती दोनदा अडखळली. शेठच्या कपाळावर घाम आला. एक शब्द सांगितला असता तर काम सोपं होतं, पण सांगणं म्हणजे करवणं. त्यांनी ओठ दाताखाली धरले.

मग एक वेगळाच आवाज आला. कर्र. गंजलेल्या बिजागरीसारखा. टक् एकदाच झाला, दुसरा झाला नाही.

"बाबूजींचा," शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

आत तारादेवींचा श्वास ऐकू येत होता. पातं अर्ध्यावर अडकलं होतं. त्या जोर लावत होत्या. चाकू हाती न धरलेला माणूस अशा वेळी मूठ आवळून धरतो, अंगठा नेमका पातं मिटतं त्या फटीवर ठेवतो आणि दुसऱ्या हातानं पातं मागे ढकलतो. विधीनं तेच केलं होतं. बाबूजींच्या चाकूची स्प्रिंग तर बैलाच्या ताकदीची. कर्र, पुन्हा कर्र.

"अंगूठो हटा!"

घर हादरलं. शेठ उभे होते. ओरडले होते ते. आत फाटकन पातं मिटलं आणि चाकू फरशीवर पडला.

मग दार उघडलं आणि तारादेवी बाहेर आल्या. हाताला रक्त नव्हतं. शेठनी माझ्यासमोर बायकोचा हात हातात घेतला. त्या घरात असं कधी होत नाही. त्यांनी अंगठा उजेडाकडे करून पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला.

"नियम मोडला तुम्ही," तारादेवी म्हणाल्या.

"मोडला. उद्या महाराजसाहेबांसमोर कबूल करीन. देतील ते प्रायश्चित्त घेईन."

"चाकूसाठी मोडला असता तर जन्मभर बोलले नसते तुमच्याशी," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी भिंतीकडे बघू लागलो. मलाही रडू येत होतं, खोटं कशाला बोलू?

"आत जाऊ नको आता," शेठ म्हणाले. "गंजू दे बठ्ठे. बाबूजींचा पण गंजू दे."

तारादेवींनी पदरानं डोळे पुसले. "गंजू कसे देऊ? ती पिवळी मूठ मी खिडकीतून बाहेर टाकलीय. बाबूजींच्या चाकूवर गंज आलाय, पण आत अजून लोखंड दिसतं." त्या परत आत गेल्या आणि खाली बसल्याचा आवाज आला. "अंगठा कुठे ठेवायचा ते सांगा."

शेठनी खुर्ची ओढली, दाराकडे पाठ करून बसले आणि सांगू लागले.