शेवटच्या धुण्याचं पाणी

शहाद्याहून म्हसावदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कारखाना आहे. कच्च्या पपईच्या बारीक फोडी करून त्यांची टूटीफ्रुटी बनवायची, एवढंच तिथलं काम. केकवर आणि मसाला पानात दिसणारे ते लाल-हिरवे तुकडे पपईचे असतात, हे मलाही बी.एस्सी. होऊन तिथे नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. फोडी टिकाव्यात म्हणून त्या आधी कडक मिठाच्या पाण्यात मुरवतात. पाकात घालण्यापूर्वी ते मीठ काढावं लागतं, म्हणून फोडी चार वेळा धुतात. दर वेळी टाकीभर ताजं नळाचं पाणी घ्यायचं आणि दर वेळी ते गटारात सोडायचं.

मी कळसाडीची. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. आई-वडील लोकांच्या शेतात राबले, म्हणून मी रसायनशास्त्र शिकले. कारखान्याचे मालक शेटजी. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन शहाद्यात दुकान थाटून बसले होते. माझी ना शेटजींशी ओळख, ना नातं. तरी त्यांनी मला एक टेबल, एक वजनकाटा आणि मिठाचं प्रमाण मोजायची काचेची नळी दिली आणि म्हणाले, "हे तुझं खातं." त्या विश्वासाचं मोल मला आजही वाटतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीचा निरोप आला. गावालाच पाणी पुरत नाही, तेव्हा कारखान्याचं नळाचं पाणी निम्मं होणार. शेटजी वैतागले. "मग काय, घामाने धुवायच्या फोडी? उन्हाळाभर कुलूप लावतो."

कुलूप म्हणजे कारखान्यातल्या बायांनी सुरतेकडे मजुरीला जायचं. धुण्याच्या टाक्यांवरच्या मावशी म्हसावदच्या. त्यांची मुलगी नंदुरबारला नर्सिंग शिकत होती आणि तिची परीक्षा ऐन उन्हाळ्यात होती. आई सुरतेला गेली तर धाकट्यांना सांभाळायला तिलाच घरी यावं लागलं असतं. मावशी रडल्या-बिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "इतलं शिकाडं, नि पेपरनाच टायमाले घर बठाडानं."

मी तशीच शेटजींकडे गेले. काय सांगायचं ते मनात पक्कं होतं. उसाच्या फडात राहायचो तेव्हा आई तीन घमेल्यांत भांडी विसळायची. शेवटच्या घमेल्यातलं पाणी जवळजवळ स्वच्छच असायचं. तेच पुढच्या वेळी पहिल्या घमेल्यात जायचं. "शेटजी, चौथ्या धुण्याचं पाणी पुढच्या मालाच्या पहिल्या धुण्याला वापरू. फोडी तेव्हा इतक्या खारट असतात की त्यांना ताज्या पाण्याची गरजच नसते. शेवटचं धुणं मात्र नळाच्याच पाण्याचं."

"उष्टं पाणी?" शेटजी दचकले. त्यांच्या ऑफिसातल्या माठालाही गाळायचं फडकं बांधलेलं असे.

"मी मोजून दाखवते. गाळूनही घेऊ."

"आठवडाभर कर. जमलं नाही तर कुलूप."

त्या संध्याकाळी चौथ्या धुण्याचं पाणी गाळून रिकाम्या टाकीत घेतलं, वर झाकण टाकलं आणि मी समाधानाने घरी गेले. सकाळी शेटजींना घेऊन टाकीपाशी आले, झाकण उचललं, तर टाकी कोरडी. घासून लख्ख केलेली.

"मावशी, पाणी कुठंय?"

"फेकी दिनं ना. रातनं शिळं पानी कोनी ठेवस का वं? तुन्ही माय ठेवस?"

मागच्या बाया हसल्या. एक जण म्हणाली, "कालेजमा शिळंच पीतस वाटतं!"

मला राग आला खरा. आमच्या घरीही सकाळी पहिलं काम हंडे ओतून घासायचं. शेटजी तर मावशींच्याच बाजूचे. "बरोबर केलं त्यांनी. आमच्याकडेही रात्रीचं पाणी सकाळी चालत नाही."

टेबलाशी बसून विचार केला. ही सवय मोडायला निघाले असते तर आठवडा भांडणातच गेला असता. त्यापेक्षा वेळ बदलणं सोपं होतं. एरवी पुढचा माल सकाळी मिठातून काढायचा, तो आदल्या संध्याकाळीच काढला तर? चौथ्या धुण्याचं पाणी निघताक्षणी फोडी त्यात. साठवायचा प्रश्नच नाही.

मावशी तरी कुरकुरल्या. "रातभर पानीमाच ना?"

"मावशी, रातले डाळ भिजत घालतस ना? ते पानी शिळं का?"

त्या खो खो हसल्या. "तुन्ही जीभ भलती चालस!" आणि स्वतःच फोडींची पहिली टोपली टाकीत ओतली.

सकाळी नळी बुडवली. रात्रभर भिजल्यामुळे मीठ माझ्या अंदाजापेक्षा जास्त उतरलं होतं. चारच्या जागी तीन धुणी पुरली, आणि त्यातली नळाच्या पाण्याची दोनच. पहिल्या धुण्याचं खारट पाणीही आम्ही फेकलं नाही. ते गाळून, उकळून नव्या पपईच्या मिठाच्या पाण्यासाठी घेतलं.

आठवडा संपला तेव्हा शेटजींनी धुतलेली फोड तोंडात टाकली, डोळे मिटून चावली, मग आणखी एक घेतली. मी माप दाखवायला नळी पुढे केली, तर म्हणाले, "राहू दे बेटा, जिभेला कळलं. पंचायतीला सांगतो, निम्म्यात भागेल. कुलूप नाही लागत."

मावशींनी हात पदराला पुसले आणि तिथूनच मुलीला फोन लावला. कटिंग मशीनच्या आवाजात त्यांना ओरडावं लागत होतं. "सुरतले जानं नही आते! तू पेपर दे, घर येवू नको!" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मावशी मात्र फोन कानाला तसाच धरून मागे वळल्या आणि टाकीवरच्या बाईवर खेकसल्या, "वं, नळ बंद कर ना, पानी वाही ऱ्हायनं!"