जेवायला कोण येतं?

शैला दाबके भित्री आहे असं म्हटलं असतं, तर सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या मराठी मंडळींनी ते हसण्यावारी नेलं असतं. नवरा पद्माकर वर्षातला बहुतेक काळ बोटीच्या इंजिनरूममध्ये. घरी शाळकरी आर्या, आणि तांजोंग पगारला जहाजांना भाजीपाला पुरवणाऱ्या कंपनीत अकाउंटंटची नोकरी. एवढा गाडा एकटीने ओढून ही बाई गणपतीत अख्ख्या मंडळाच्या मोदकांची जबाबदारी अंगावर घ्यायची, आणि उकड बिघडवणाऱ्या बायकांना चारचौघांत झापायचीही. तिला कोण भित्री म्हणेल?

पण युनिफॉर्ममधल्या माणसाने साधा पत्ता विचारला तरी ती दोन पावलं मागे सरायची. हे एकट्या पद्माकरला ठाऊक होतं, आणि त्यानेही ते थट्टेवारीच नेलं होतं.

ही भीती मिरजेची. आणीबाणी लागली तेव्हा शैला दहा वर्षांची होती. तिचे वडील शाळामास्तर, राजकारणापासून चार हात लांब. पण त्यांचे जुने मित्र श्रीनिवासकाका सरकारविरुद्ध पत्रकं छापायचे, त्यांच्यावर वॉरंट निघालं होतं आणि अंधार पडला की ते मागच्या दाराने जेवायला यायचे. त्या दिवसांत माणसाला उचलायला गुन्हा लागत नव्हता, खटला लागत नव्हता. वर्तमानपत्रं पीकपाण्याच्या बातम्या छापत होती. जे काय कळायचं ते कुजबुजीतून कळायचं, आणि कुजबुजणाऱ्यांतला कोण कोणाचा, हेही कळत नव्हतं.

शैलाच्या आईने पोरीची तयारी करून घेतली. वेणी घालता घालता मध्येच दरडावून विचारायची, "कोण येतं गं तुमच्याकडे जेवायला?" शैला जराशी जरी अडखळली तरी वेणीला असा हिसका बसायचा की डोळ्यांत पाणी यायचं. महिन्याभरात पोरगी तयार झाली. उत्तर डोक्यात यायच्या आधी तोंडातून बाहेर पडायला लागलं.

मग एके संध्याकाळी इन्स्पेक्टर खरंच आला. आवाज चढवला नाही, काही नाही. शैलासमोर उकिडवा बसला आणि गोड बोलून नेमकं तेच विचारलं. श्रीनिवासकाका त्या वेळी स्वयंपाकघराच्या माळ्यावर श्वास रोखून पडले होते. "कोणी नाही. आम्ही तिघंच," शैला म्हणाली. इन्स्पेक्टरने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला. त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला असंच काहीतरी विचारलं गेलं आणि ती बिचारी खरं बोलली. तिच्या वडिलांना नेलं. ते दीड वर्षाने सुटून आले, पण पुढे मरेपर्यंत त्यांनी कोणाशी धड दोन वाक्यं बोललेली शैलाने ऐकली नाहीत.

ही शिकवण घेऊन शैला मोठी झाली, पदवीधर झाली, सिंगापूरची पीआर, म्हणजे कायमची रहिवासी झाली.

दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये सिंगापूर सार्सच्या साथीने हादरलं होतं. लोक लिफ्टची बटणं किल्लीने दाबत होते. कोणी खोकलं की एमआरटी रेल्वेचा अख्खा डबा त्या माणसाकडे बघायचा. अशात घाऊक भाजीबाजारात रोगी सापडले आणि तो बाजार एका रात्रीत बंद झाला. शैला बिलांच्या कामासाठी तिथे जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशी मास्क लावलेली दोन माणसं दारात उभी राहिली. हातात क्वारंटाइनचा हुकूम. दहा दिवस आई आणि मुलगी दोघींनीही उंबरठा ओलांडायचा नाही. त्यांनी हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक छोटा कॅमेरा बसवून फोनच्या लायनीला जोडला. फोन येईल तेव्हा त्याच्यासमोर उभं राहायचं, थर्मामीटर दाखवायचा. हुकूम मोडला तर मनगटाला इलेक्ट्रॉनिक पट्टा.

माणसं सभ्य होती. वाणसामान हवं का म्हणून त्यांनी विचारलं, आर्याची परीक्षा कधी आहे तेही विचारलं. शैलाला त्याचीच धडकी भरली. मिरजेचा इन्स्पेक्टरही गोडच बोलला होता.

जाता जाता त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, गेल्या काही दिवसांत तुमच्या घरी कोण आलं होतं? जेवायला वगैरे?"

"कोणी नाही," शैला म्हणाली. "आम्ही दोघीच."

आर्याने झटकन आईकडे पाहिलं. दार बंद झाल्याबरोबर ती आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, मीनल आँटी एव्हरी डे केम, व्हॉट! दे सेड मस्ट टेल, ला."

मीनल दोन मजले खाली राहायची. सातवा महिना चालू होता. फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून रोज संध्याकाळी ती शैलाकडे वरणभात खायला यायची. नवरा विक्रांत नव्या नोकरीवर लागलेला, दोघांचा इथला मुक्काम त्या नोकरीच्या परवान्यावर. शैलाच्या डोळ्यांसमोर सगळं भराभर उभं राहिलं. मीनलचं नाव सांगितलं की तिच्याही हॉलमध्ये कॅमेरा. ऑफिसला कळलं की विक्रांतची नोकरी डळमळीत. आणि ताप आला तर मीनलला उचलून कुठल्या तरी वॉर्डात एकटी ठेवतील, नवऱ्याला काचेतून हात हलवायची परवानगी. शैलाने मीनलला फोन केला. "कोणी विचारलं तर तू माझ्याकडे येत नव्हतीस. कळलं? कोणालाच सांगू नकोस."

"बरं शैलाताई," मीनल म्हणाली. ती शैलाचा शब्द खाली पडू द्यायची नाही.

त्यानंतरचे दिवस शैलाने त्या कॅमेऱ्यासमोर काढले. पहिल्या दिवशी तिने त्याच्यावर टॉवेल टाकला, मग घाबरून लगेच काढला. दोन दिवसांनी ती त्याच्यासाठी केस विंचरू लागली. पुढे पुढे आंघोळीला जायच्या आधी ती हॉलमध्ये येऊन क्षणभर उभी राहायची, जणू परवानगीच मागायची. पलीकडे बघणारं कोणी असेलच असं नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी उभी राहायची. माणूस किती पटकन वाकतो! त्या भल्या माणसांना वाकवायचंही नव्हतं कोणाला. रोग खरा होता, माणसं खरंच मरत होती, आणि खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाचू शकला असता. हे सगळं शैलाला पटत होतं. पण पटलेलं तोंडापर्यंत येत नव्हतं.

मग मीनलचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"ताई, अंग तापलंय माझं. कालपासून."

"काल? आणि मला आज सांगतेस? डॉक्टरकडे गेलीस?"

"नाही ना. डॉक्टर विचारतील कुठे गेला होतात, कोणाकडे जेवलात. तुम्हीच म्हणाला होतात ना, कोणालाच सांगू नकोस. मी विक्रांतलासुद्धा सांगितलं नाही. तो कंपनीच्या कामाला जकार्ताला गेलाय." ती थांबली. "ताई, बाळ सकाळपासून हललं नाहीये हो."

शैला खुर्चीवर बसली. "पडून राहा, मी बघते" एवढंच कसंबसं म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवताक्षणी तो पुन्हा वाजला. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. शेवटी आर्याने उचलला आणि स्पीकरचं बटण दाबलं. तपासणीचा फोन होता. पलीकडच्या मुलीने दोघींचं टेम्परेचर विचारलं आणि मग म्हणाली, "गर्ल, आम्ही सगळ्यांना पुन्हा विचारतोय. बाजार बंद व्हायच्या आधी तुमच्या घरी कोणी येत होतं का?"

आर्याने आईकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "नो वन. ओन्ली मी अँड माय मदर."

पापणी लवली नाही पोरीची. तिला कोणी शिकवलं नव्हतं, वेणीला कोणी हिसका दिला नव्हता. नुसतं आईच्या तोंडाकडे बघून शिकली होती. शैलाला त्या क्षणी सरकारची, रोगाची, कशाचीच नाही एवढी भीती स्वतःच्या लेकीच्या त्या शांत चेहऱ्याची वाटली.

तिने आर्याच्या हातातून फोन घेतला. इंग्रजी वाक्यं तुटत होती तरी तिने सगळं सांगितलं. मीनलचं नाव, मजला, दाराचा नंबर, सातवा महिना, ताप, न हलणारं बाळ.

"आधी का नाही सांगितलंत, मॅडम?" त्या मुलीने विचारलं.

"भीती वाटली."

"रोगाची?"

"नाही," शैला म्हणाली. "तुमची."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी म्हणाली, "अँब्युलन्स पाठवतेय." एवढंच.

शैलाने जाळीच्या दारातून पाहिलं. खाली पार्किंगमध्ये पायघोळ झग्यांतली माणसं मीनलला धरून नेत होती. तिने एका हाताने पोट धरलं होतं आणि ती सारखी वर बघत होती, पण तिला मजला सापडत नसावा. शैलाने हाक मारली नाही. आजूबाजूची दारं एकेक करून बंद होत गेली.

ताप लघवीच्या इन्फेक्शनचा निघाला, बाळही सुखरूप राहिलं, पण हे कळायला आणखी तीन दिवस जायचे होते. त्या संध्याकाळी कोणालाच काही माहीत नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमधून मीनलचा फोन आला.

"ताई, बाळाचे ठोके लागलेत, ऐकवले मला." ती रडत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण ही माणसं विचारतायत, आठवड्यात मी कोणाकोणाला भेटले. रविवारी समोरच्या मेधाकडे डोहाळजेवण होतं ना माझं? रुचिरा, अश्लेषा, सविताकाकू, त्यांच्या पोरी, मंडळातल्या सगळ्या होत्या. सविताकाकूंच्या घरी तर सगळं त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. समोर उभे आहेत हे लोक. काय करू? नावं सांगू?"

शैलाने डोळे मिटले. आर्या शेजारी उभी राहून ऐकत होती.

"सांग," ती म्हणाली. "सगळ्यांची सांग."

फोन ठेवल्यावर तिने खिडकीतून समोरच्या ब्लॉककडे पाहिलं. मेधाच्या स्वयंपाकघरात दिवा होता, खालच्या मजल्यावर सविताकाकूंच्याही. दोघी रात्रीच्या जेवणाच्या तयारीत असतील. तासाभरात त्यांची दारं वाजणार होती आणि कोणीतरी गोड आवाजात त्यांना विचारणार होतं. शैलाला फोन करून त्यांना सावध करावंसं वाटलं. तिने रिसीव्हर उचलला, आर्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवला.