बॉनेटच्या पलीकडून

आबांची गाडी सुरू झाली की नवागामची आमची अख्खी गल्ली दचकायची. बॉनेटखालून असा चिरका आवाज निघायचा की समोरच्या मावशी खिडकीतून म्हणायच्या, "निघाली बघा वरात!" आबा हसून म्हणायचे, "जुनी गाडी, बोलणारच." आणि आईला घेऊन डायलिसिसला निघायचे. उभा जन्म यंत्रमागावर काढलेल्या माझ्या वडिलांनी ही सेकंडहँड गाडी उतारवयात घेतली. आईला दवाखान्यात न्यायचं काम ते दुसऱ्या कुणालाही करू द्यायचे नाहीत. तेवढं एकच आपल्या हातात उरलंय, असं त्यांना वाटत असावं.

मी कामरेजला राहते. रविवारी माहेरी आले की त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. सांगून सांगून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका रविवारी मीच गाडीत जाऊन बसले. म्हटलं, "चला गॅरेजला. वाटेत बंद पडली तर आईला काय खांद्यावर नेणार?" आईचं नाव निघालं तेव्हा कुठे त्यांनी चावी उचलली.

गॅरेजवाल्याने आबांना स्टिअरिंगपाशीच बसवलं, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. मग मला बोटाने दाखवलं. इंजिनच्या कडेने एक पट्टा फिरत होता आणि त्याला ताणून धरणारी एक छोटी पुली होती. तो टेन्शनर. त्याचा दांडा थरथरत होता आणि पट्टा जागा सोडून कडेकडेला सरकत होता. "अंदर की स्प्रिंग गई है, बहन," तो म्हणाला आणि नीट बघायला आणखी वाकला. तेवढ्यात त्याच्या हातातलं फडकं पट्ट्याने खेचून घेतलं.

"काका, बंध करो! बंध करो!"

इंजिन चालूच राहिलं. तो पुन्हा ओरडला. शेजारच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली, आणि आबा मात्र उभ्या बॉनेटकडे शांतपणे पाहत बसले होते. मला आधी त्यांचा रागच आला. धावत जाऊन मी खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. आबांनी दचकून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय व्हयनं?"

गॅरेजवाल्याने फडकं वेळेवर सोडलं होतं. हात वाचला. पण आबांना काहीही ऐकू गेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मागांच्या खडखडाटात कारीगर एकमेकांचे ओठ वाचतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या घरी तर आईची शिस्तच होती की मोठ्यांशी पाठ करून बोलायचं नाही, समोर येऊन बोलायचं. मी त्याला संस्कार समजत आले. तेच वळण मी माझ्या मुलांनाही लावलं. मागांनी आबांचे कान कधीचेच खाल्ले होते आणि ते आमचे ओठ वाचून संसार करत होते. आज मधे बॉनेट आलं.

गॅरेजवाल्याने पट्टा उतरवला. त्याच्या आतल्या बाजूला चिरा पडल्या होत्या. टेन्शनरची पुली हाताने फिरवली तर खरखर वाजली. दोन्ही बदलायला हवं होतं. नवा टेन्शनर बसेपर्यंत आबा माझ्या शेजारी बाकावर होते. कानाला बोट लावून म्हणाले, "तुनी मायले ठाऊक शे." मग गाडी सुरू झाली. आवाज गेला होता. ते इंजिनकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर मी आईवर चिडले. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या गाडीत बसतेस कशी, म्हटलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या गाडी चालाडतस, मी ऐकस. मांगे कोणी हॉर्न वाजाडा की मी त्यासना गुडघाले हात लावस."

"आणि येताना?"

डायलिसिस झाल्यावर तिच्या अंगात त्राण उरत नाही, हे मी पाहिलं होतं. आईने भाजी बाजूला सारली.

"येतांना झोप लागस माले. सिग्नलवरतीन गाडी निंघनी की तो आवाज व्हये, म्हणीसन जाग येये. आते तू तो बी बंद करी टाका."

मला रडू आलं. माझं शहाणपण असं भलत्याच जागी लागलं होतं.

पुढच्या वेळी मी सुट्टी घेऊन त्यांच्याबरोबर गेले. जाताना आबांनीच गाडी चालवली, आई त्यांच्या शेजारी बसली. परत निघताना मी आबांच्या समोर उभी राहिले आणि येताना आई झोपते हे त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं नीट वाचलं, चावी माझ्या हातात दिली आणि आईबरोबर मागे जाऊन बसले.

आई दवाखान्याच्या फाटकातच झोपली. बऱ्याच पुढे गेल्यावर मी आरशात पाहिलं. आबांनी तिच्या मानेखाली हात घातला होता आणि ते तिच्याकडे टक लावून बघत होते.

"माले वाटे," ते म्हणाले, "येतांना बी ती जागीच ऱ्हास."